मंजुरीआधीचं काम

आमच्या गावातल्या बावखलाच्या काठावर काळ्या ग्रॅनाइटचा एक फलक उभा आहे. त्यावर आमच्या मंडळाचं नाव नाही. गाळ आम्ही काढला, जेसीबीचे आणि डंपरचे पैसे आम्ही भागवले, ढासळलेल्या काठाचं दगडी पिचिंग आमच्या पोरांनी उन्हात उभं राहून करून घेतलं. फलकावर नाव आहे ते शहरातल्या एका मोठ्या क्लबचं आणि त्यांच्या त्या वर्षीच्या अध्यक्षांचं. त्यांना मिळालेल्या ग्रँटमधून काठावर पेव्हर ब्लॉक आले, दोन बाकं आली आणि हा फलक आला. गाळाच्या एका खेपेचेही पैसे आले नाहीत. क्लब कुठला ते लिहीत नाही. वसई-विरारमध्ये मनापासून काम करणारे क्लब पुष्कळ आहेत, त्यांना उगाच डाग लागायला नको. पण दर उन्हाळ्यात कुठलं ना कुठलं मंडळ याच वाटेनं जाताना मी बघतो, म्हणून गप्प बसवत नाही.

बावखल म्हणजे काय ते वसईकरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो, की पापडी-सांडोरपासून निर्मळ-आगाशीपर्यंतच्या पट्ट्यात वाड्यांमधून खणलेली ही तळी आहेत. पावसाचं पाणी त्यांत साठतं, मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. एका बाजूला समुद्र आणि खाली वसईची खाडी असताना केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या इथे टिकल्या त्या या गोड्या पाण्यावर. कित्येक बावखलं भराव टाकून बुजवली गेली आणि त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. जी उरली त्यांतलं एक आमचं, तेही गाळानं अर्धं भरलेलं. ते वाचवायचं एवढाच आमचा हेतू होता.

मोठ्या क्लबची माणसं स्वतःहून आली होती, हे मला ठासून सांगायचं आहे. आम्ही कुणाच्या दारात गेलो नव्हतो. मार्चमध्ये त्यांच्या प्रकल्प समितीचे प्रमुख आले, फोटो काढले, म्हणाले, "दादा, काम तुमचं, ग्रँट आमची. दोघांचं नाव होईल." आमच्या सेक्रेटरींनी त्याच बैठकीत लेखी पत्र मागितलं. पत्र येतंय, बोर्ड मीटिंगमध्ये ठेवलंय, सहीला गेलंय, असं करत एप्रिल संपत आला. बावखलाचा गाळ काढायचा तर पाणी तळाला गेलेलं असतं तेव्हाच, म्हणजे एप्रिलअखेर ते मे. वळवाच्या दोन सरी पडल्या की मशीन रुततं आणि काम वर्षभर पुढे जातं. हे आम्ही त्यांना सांगितलं. त्यावर आलेला मेसेज आजही माझ्या फोनमध्ये आहे: "काम सुरू करा. मंजुरी येतेच आहे. पावसाच्या आधी व्हायला पाहिजे."

काम झालं, आणि उत्तम झालं. गाळ वाडीवाल्यांनी खतासारखा उचलून नेला. जूनच्या अखेरीस पाणी चढायला लागलं तेव्हा गावातली म्हातारी माणसं बघायला येत होती.

मग 1 जुलै उजाडला. रोटरी काय, लायन्स काय, यांचं वर्ष जुलैला सुरू होतं आणि जूनला संपतं. अध्यक्ष बदलतो, सेक्रेटरी बदलतो, खजिनदार बदलतो. प्रकल्प समितीचे जे प्रमुख आमच्या ओट्यावर बसून चहा प्यायले होते, ते आता "माजी" झाले आणि फोन उचलेनासे झाले. नवे अध्यक्ष म्हणाले, "ते मागच्या टीमचं कमिटमेंट होतं, मला बघावं लागेल." मंजुरी आली होती, पण जुलैत. आमची सगळी बिलं मेमधली.

त्यांच्या ऑफिसमधली ती संध्याकाळ माझ्या डोक्यातून जात नाही. नव्या खजिनदारांनी आमची फाईल उघडली आणि जेसीबीवाल्याचं बिल बाहेर काढलं. तारखेवर पेनाचं टोक टेकवलं आणि शांतपणे म्हणाले, "एवढी जुलैची करून आणा. बाकी सगळं ओके आहे." मी म्हटलं, साहेब, या बिलाला नंबर आहे. पुढच्या नंबरचं बिल त्यानं मेमध्येच दुसऱ्या कुणाला दिलेलं आहे. मेच्या विक्रीचं जीएसटी रिटर्न त्यानं जूनमध्ये भरूनही टाकलंय. ते हसले. "अहो, नवीन बिलबुक करायला कितीसा वेळ लागतो?" शेजारी बसलेले दोघे मान हलवत होते. त्या क्षणी मला कळलं, की या माणसांना आमच्या बावखलाशी घेणंदेणं नव्हतं. त्यांना एक काम हवं होतं, झालेलं, फोटोसकट, आणि त्याला जोडायला कागद हवे होते. कागद खोटे असले तरी त्यांची हरकत नव्हती, सही मात्र आमची असणार होती.

आम्ही नाही म्हटलं. जेसीबीवाला आमच्याच गावचा, त्यानंही नाही म्हटलं. त्याचे पैसे आम्ही सभासदांनी वर्गणी काढून दिले. दिवाळीनंतर काठावर पेव्हर ब्लॉक बसले. जिथून पाणी मुरायचं तिथेच ते बसवले, हे कुणाला सांगायचं?

आता जे कामाचं आहे ते लिहितो.

मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत एक रुपया खर्च करू नका. यात समोरच्याच्या चांगुलपणाचा प्रश्नच नाही. रोटरी फाउंडेशनच्या अटींत स्पष्ट आहे, की मंजुरीच्या आधी झालेल्या किंवा सुरू असलेल्या कामाचे पैसे परत मिळत नाहीत. बाकीचे देणगीदारही बहुधा हेच म्हणतात. ज्या क्लबनं ग्रँटचं प्रशिक्षण घेतलंय, त्याला हे ठाऊक असतं. रोटरीत तर करारावर सही आणि प्रशिक्षण झाल्याशिवाय ग्लोबल ग्रँटचा अर्जच करता येत नाही. म्हणजे "सुरू करा" म्हणणारा माणूस अजाणतेपणी म्हणत नसतो. पावसाची वेळ आणि मंजुरीची वेळ जुळत नसेल, तर अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच टाकायला लावा, नाहीतर ते काम त्या ग्रँटमध्ये घालूच नका.

ग्रँट कुठली ते विचारा. डिस्ट्रिक्ट ग्रँट लहान असते, ग्लोबल ग्रँटसाठी प्रकल्पाचं बजेट किमान 30,000 डॉलर लागतं. गावातल्या एका तळ्यासाठी कुणी ग्लोबल ग्रँटचं नाव घेत असेल तर बाकीचे पैसे कुठे जाणार आहेत ते पहिल्याच बैठकीत विचारा.

पत्रावर मावळत्या आणि येणाऱ्या, दोन्ही अध्यक्षांच्या सह्या घ्या. येणारा अध्यक्ष कोण हे जुलैच्या किती तरी आधी ठरलेलं असतं, त्यामुळे "अजून माहीत नाही" हे उत्तर चालवून घेऊ नका. पत्रात लिहून घ्या: बिल कुणाच्या नावानं फाडायचं, पैसे थेट ठेकेदाराला जाणार की तुमच्या खात्यात, फलकावर नावं कुणाची आणि कुठल्या क्रमानं. नावाचं बोलायला आपल्याला संकोच वाटतो. त्यांना वाटत नाही.

परदेशी पैसा असेल तर जास्त सावध राहा. 2020 मध्ये एफसीआरए कायदा बदलला. परवाना असलेली संस्था परदेशातून आलेली रक्कम आता दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, त्या दुसरीकडे परवाना असला तरी. त्यामुळे "बाहेरचे पैसे आमच्या खात्यात येतील, मग तुमच्याकडे वळवू" असं कुणी म्हटलं तर तिथेच उठा.

वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या कारखान्यांकडे सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठी, जाणार असाल तर आधी आपलं घर बघा. 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 नोंदणीशिवाय संस्थेला ते काम घेता येत नाही. आयकराची बारा-ए आणि ऐंशी-जी नोंदणी लागते, आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. कंपन्यांना मार्चअखेर खर्च दाखवायची घाई असते. त्या घाईत तुम्हाला ढकलू देऊ नका. चालू प्रकल्पाची उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करायची सोय कायद्यातच आहे, याची त्यांच्या अकाउंट्सवाल्याला आठवण करून द्या.

आणि धर्मादाय आयुक्तांकडचा चेंज रिपोर्ट. नवी कार्यकारिणी आली की 90 दिवसांत द्यायचा असतो. अर्ध्या मंडळांच्या नोंदीत अजून वारलेली माणसं विश्वस्त आहेत. बँक खातं आणि नोंद जुळली नाही की मोठा क्लब लगेच म्हणतो, "तुमचे कागद अपुरे आहेत, खर्च आमच्या नावानंच दाखवू." नाव जातं ते इथून.

फोटो जपा, मेसेज जपा, बिलाची प्रत स्वतःकडे ठेवा. जमीन कुणाची ते सातबाऱ्यावर बघा. आमचं बावखल खाजगी वाडीतलं आहे. मालकाची लेखी संमती आम्ही आधीच घेतलेली होती, नाहीतर फलकाच्या जागेवरूनही वाद झाला असता.

गेल्या हिवाळ्यात आणखी एक क्लब आला. माणसं भली वाटली. आम्ही एका पानाचा करारनामा पुढे ठेवला: मंजुरीपत्राआधी काम नाही, दोन अध्यक्षांच्या सह्या, फलकावर मंडळाचं नाव आधी. "विचार करून कळवतो" म्हणाले. अजून कळवलेलं नाही. शेजारच्या वाडीतलं दुसरं बावखल आम्ही या मेमध्ये गावच्या वर्गणीतून करतो आहोत, पैसे पुरतील तेवढंच. ज्या बाजूनं विहिरी आहेत त्या बाजूपासून सुरुवात आहे.