चौकटीतलं घर : ‘चिंटू’ची सुरुवात आणि आपण



घरात पेपर आला की कोण आधी काय वाचतो, ते जरा आठवून बघा. पेडण्यात काय, डिचोलीत काय, चित्र सारखंच. आजोबा निधनवार्ता बघतात, बाबा राजकारण वाचतात आणि पोरं पान उलटून थेट चित्रांकडे जातात. ती तीन-चार चौकटींची पट्टी अर्ध्या मिनिटात वाचून होते. म्हणून तिचा अभ्यास करावा असं कोणाला वाटत नाही. आज तोच करूया.

सुरुवात जरा लांबून करू. अमेरिकेत ८ सप्टेंबर १९३० रोजी चिक यंग यांची ‘ब्लाँडी’ ही चित्रमालिका सुरू झाली. तेव्हा ती घरातली गोष्ट नव्हतीच. ब्लाँडी ही मौजमजेत रमणारी तरुणी, तर तिचा प्रियकर डॅगवुड हा रेल्वेमालक कोट्यधीशाचा मुलगा. पण ते महामंदीचे दिवस. लोकांच्या नोकऱ्या जात असताना श्रीमंत पोराच्या प्रेमाचं हसू किती दिवस येणार? मग यंग यांनी कथेला वळण दिलं. लग्नाला परवानगी मिळावी म्हणून डॅगवुडने उपोषण केलं. १७ फेब्रुवारी १९३३ ला लग्न लागलं आणि वडिलांनी त्याचा वारसाहक्क काढून घेतला. आता त्याला नोकरी करणं भाग पडलं. साहेबाची बोलणी, घरखर्च, १९३४ मध्ये पहिलं मूल. वाचकाला त्यात आपलंच घर दिसलं आणि मालिका तरली.

मराठीत असं घर ‘चिंटू’ने उभं केलं. २१ नोव्हेंबर १९९१ रोजी पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये तो पहिल्यांदा आला. चित्रं चारुहास पंडित यांची. कल्पना पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांच्या. ते वर्ष लक्षात घ्या. आर्थिक उदारीकरण नुकतंच सुरू झालेलं, उपग्रह वाहिन्या भारतात पोचू लागलेल्या. बाहेर एवढं बदलत होतं, आणि चिंटूच्या जगात मात्र आई, पप्पा, शाळा, पप्पू, मिनी, बगळ्या, राजू आणि शेजारच्या जोशीकाकू. हे जग लहान, पण ओळखीचं. रोज सकाळी तेच लोक भेटणार, हा भरवसा हीच अशा मालिकेची खरी ताकद.

आता तिची बांधणी पाहू. पहिल्या चौकटीत साधी घटना असते. मधल्या चौकटीत आपण एक अंदाज बांधतो. शेवटची चौकट तो अंदाज मोडते. त्यात निवेदक जवळजवळ नसतोच. सगळा भार फुग्यातल्या बोलण्यावर आणि चेहऱ्यावर. एक शब्द जास्त झाला की विनोद पडला. नाटकातला संवाद शिकायचा असेल, तर ही चांगली शाळा आहे. दुसरी गोष्ट काळाची. वर्षं गेली, चिंटू मोठा झाला नाही. २०१२ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला, तेव्हाही तो लहानच होता. पहिले वाचक मात्र तोवर आई-बाबा झाले होते.

एक प्रश्नही विचारायला हवा. अशा घरगुती मालिकेत स्वयंपाकघर कोणाचं आणि पेपर कोणाच्या हातात? हसताना आपण काय गृहीत धरतो, हे तपासणं हाही अभ्यासच.

आणि आता आपली गोष्ट. चिंटूची मराठी पुण्याच्या घरातली आहे. ती तिथे शोभते, कारण ती तिथली बोली आहे. एकदा मी वर्गात घरावर चार चौकटी काढायला सांगितल्या. सगळ्यांची पात्रं बोलत होती, ‘आई, मला भूक लागली आहे.’ मी विचारलं, घरी असंच बोलता? सगळे हसले. एका पेडण्याच्या मुलीने ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, ‘माका भूक लागली!’ एवढ्यानेच चित्रातली आजी जिवंत झाली. लिहिताना आपल्या घरची भाषा आपण लाजून बाहेर ठेवतो, आणि मग म्हणतो, आपल्या घरात लिहिण्यासारखं काय आहे!

आहे की. चवथीची साफसफाई आहे, बसची वाट बघणं आहे, नुस्तं मिळालं नाही म्हणून रुसलेले पप्पा आहेत. हे आज कोणी टिपलं नाही, तर उद्या आठवायला सांगणारा माणूसही नसेल.

स्वाध्याय :
१. कोणतीही एक पट्टी घ्या. शेवटची चौकट झाकून स्वतःचा शेवट लिहा.
२. घरातल्या एका व्यक्तीचं आठवडाभराचं बोलणं, जसं आहे तसं, वहीत टिपा.
३. त्यातून चार चौकटी काढा. चित्र वाकडं आलं तरी चालेल. बोलणं खरं हवं.

काढलेल्या चौकटी मंडळाकडे जरूर द्या. आणि देण्याआधी घरी दाखवा. ज्यांच्यावर काढलंय ते हसले, तर पाठ जमला म्हणायचा.