पेंग्विन पक्ष्यांचे अपत्यसंगोपन

दरवर्षी शाळा उघडताना पिंपळगाव राजा येथे पालक आपली मुले आमच्या स्वाधीन करून परततात, तेव्हा फाटकापाशी अनेकांचे पाऊल अडखळते. आपण लेकराला दूर लोटून तर जात नाही ना, हा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत असतो. त्याचे एक उत्तर आम्हांस पक्षिजीवनाच्या अभ्यासात सापडले.

महाराष्ट्रात पेंग्विन पाहावयाचे तर मुंबईस भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे राणीच्या बागेत, जावे. २०१६ साली दक्षिण कोरियातून तेथे आठ हम्बोल्ट पेंग्विन आणण्यात आले. या जातीचे नर व मादी आळीपाळीने सुमारे ४० दिवस अंडे उबवितात. १५ ऑगस्ट २०१८ रोजी तेथे पहिले पिल्लू जन्मले. परंतु आठवडाभरातच ते दगावले. त्याच जोडीचे पुढचे पिल्लू ऑगस्ट २०२१ मध्ये जन्मले आणि जगले.

हम्बोल्ट पेंग्विनचे मूळ घर पेरू व चिली देशांचा किनारा. तेथील थंडी बेताची. त्यांचा मोठा भाऊबंद सम्राट पेंग्विन मात्र अंटार्क्टिकाच्या बर्फावर, ऐन हिवाळ्यात संसार मांडतो. आपल्याकडे पेरणीची लगबग सुरू होते, त्या मे-जूनच्या सुमारास मादी एकच अंडे घालते. घरटे नसते. ती ते अंडे जपून नराच्या पायांवर सोपविते आणि अन्नासाठी समुद्राकडे निघून जाते. अंडे क्षणभर जरी बर्फावर राहिले, तरी गोठण्याचे भय असते. पोटाखालच्या कातडीच्या घडीत ते झाकून नर सुमारे ६५ दिवस उभा राहतो. उणे ४० अंशांची थंडी, बोचरा वारा आणि पोटात अन्नाचा कण नाही. शेकडो नर एकमेकांस खेटून उभे राहतात. कडेचे हळूहळू आत सरकतात, आतले बाहेर येतात. अशा रीतीने ऊब सर्वांच्या वाट्यास येते. जवळजवळ चार महिन्यांच्या या उपवासात नराचे वजन सुमारे ४० टक्क्यांनी घटते. मादी परतण्यापूर्वीच पिल्लू बाहेर आले, तर तो आपल्या अन्ननलिकेत स्रवणारा दुधासारखा पदार्थ त्यास भरवितो.

मादी परतते ती पोटात अन्न साठवून. हजारोंच्या गर्दीत ती जोडीदारास केवळ आवाजावरून ओळखते. मग पिल्लू तिच्या पायांवर येते आणि उपाशी नर समुद्राची वाट धरतो. पिल्लू थोडे मोठे झाले, की दोघांनाही अन्नासाठी जावे लागते. तेव्हा पिल्ले एकत्र जमून एकमेकांच्या उबेत राहतात; जणू त्यांचे वसतिगृहच. परतलेले आईबाप साद घालतात आणि घोळक्यातून नेमके त्यांचेच पिल्लू धावत येते.

ऊसतोडीस, वीटभट्टीवर वा दूरच्या शहरी कामास जाणाऱ्या आमच्या पालकांस एवढेच सांगावेसे वाटते की, लेकराच्या घासासाठी दूर जाणे हाही संगोपनाचाच भाग होय. ऊब राखण्याचे काम आमचे. आपण मात्र भेटीच्या दिवशी अवश्य यावे. फाटकावरची आपली हाक मुले शंभर आवाजांत ओळखतात, हे आम्ही नित्य पाहतो.