शिबिर संपल्यावर गावात काय उरते?

प्रश्न : दर हिवाळ्यात आमच्या भागात कुठल्या ना कुठल्या कॉलेजची मुले सात दिवस राहायला येतात. बंधारा घालतात, रस्ता झाडतात, पथनाट्य करतात आणि जातात. आता म्हणे विद्यापीठेच गावे दत्तक घेणार आहेत. यातून गावाच्या हाती खरेच काही लागते, की सगळे मुलांच्या गुणांपुरते?
— एक वाचक, भातसानगर, ता. शहापूर

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. तुम्ही म्हणता ती शिबिरे बहुतेक राष्ट्रीय सेवा योजनेची. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास सेवा आणि एक सात दिवसांचे निवासी शिबिर, असा तिचा साचा. पण योजनेचा घोषित हेतूच समाजसेवेतून विद्यार्थ्याचे व्यक्तिमत्त्व घडवणे हा आहे. गावाचा विकास हे त्या हेतूचे साधन. मुलांना पुष्कळ मिळाले आणि गावाला थोडे, तर योजना फसली असे कागदोपत्री कुणी म्हणणार नाही.

माझ्या मते खरी अडचण वेळापत्रकाची आहे. शिबिरे येतात डिसेंबर-जानेवारीत, कारण तेव्हा परीक्षा नसतात. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर पाण्याचे हाल सुरू होतात मार्च उजाडल्यावर आणि मे महिन्यात ते टोकाला जातात. तेव्हा कॉलेजात आधी परीक्षा आणि मग सुट्टी. वनराई बंधाऱ्याचेच बघा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून ओढा अडवायचा, काम स्वस्त आणि झटपट. पण तो पाऊस थांबल्याबरोबर, ओढा वाहता असताना घालायचा असतो, आणि पुढच्या पावसात वाहून जातो. जानेवारीत आटत आलेल्या धारेवर तो बांधला तर फोटो छान येतो. गुरांना चार दिवस पाणी मिळते, हेही खरे. नाही म्हणू नये.

भातसानगरच्या माणसाला हा विषय मी काय सांगावा! मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण क्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. त्यातले ७ लाख १७ हजार, म्हणजे जवळपास निम्मे, एकट्या भातसाचे. आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात. पाऊस इथे भरपूर पडतो. पण खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि जमिनीला तीव्र उतार, त्यामुळे पाणी मुरण्याऐवजी धावते. विहीर फेब्रुवारीपर्यंत तग धरते आणि मग तळ गाठते.

अशा जागी फावडे चालवणारे हात गावात कमी नसतात. कमी असते ती मोजणी, आणि ती कॉलेज देऊ शकते. याचे उदाहरण लांबचे नाही. मुंबईच्या आयआयटीत १९८५ पासून ‘सीतारा’ नावाचे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र आहे. तिथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना काही आठवडे गावात राहूनच अभ्यास करावा लागतो. त्यांनी मोखाड्याच्या टँकरवर जगणाऱ्या गावांसाठी नळपाणी योजनेचा आराखडा मांडून पाहिला (मोखाडा २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते). त्याच आयआयटीत ‘जलतंत्र’ ही संगणकप्रणाली तयार झाली. कुठल्या टप्प्यात किती व्यासाचा पाइप टाकला तर पाणी पोचेल आणि खर्च कमीत कमी येईल, हे ती काढून देते. अनेक गावांच्या योजनेत पैसा पाइपांतच जातो, म्हणून हे गणित मोलाचे.

दत्तक गावांबद्दल थोडक्यात. केंद्राचे ‘उन्नत भारत अभियान’ नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाले. त्यात संस्थेने निदान पाच गावांशी नाते जोडायचे असते. राज्याने २०१६ मध्ये ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ काढले. जिल्हा प्रशासनाचे प्रश्न जवळच्या कॉलेजांनी अभ्यासावेत, ही त्यामागची कल्पना मला जास्त पटते. नव्या शैक्षणिक धोरणात गावात केलेल्या कामाला श्रेयांकही मिळतात. म्हणजे गुण आहेतच. पण गुणांच्या बदल्यात काय घ्यायचे, हे गावाने ठरवायला कुणाची ना नाही.

काय मागावे? पाड्यावरच्या प्रत्येक विहिरीच्या पाण्याची पातळी दर महिन्याला मोजून लिहिणे. दोरी, वजन आणि वही एवढ्यात हे होते. शासनाच्या निरीक्षण विहिरींत तुमच्या पाड्याची विहीर असेलच असे नाही. दोन-तीन वर्षांच्या नोंदी हाती असल्या की टँकरची मागणी कधी करायची, हे आटलेली विहीर बघत बसण्याआधीच कळते. दुसरे, जलजीवन मिशनच्या नळाला माणशी दिवसाला ५५ लिटर हे ठरलेले पाणी खरोखर येते का, याची घरोघर तपासणी. अभियांत्रिकीची मुले असतील तर पंपाचे वीजबिल आणि गळतीही पाहावी. हे काम दूरच्या नामांकित संस्थेपेक्षा शहापूर किंवा मुरबाडच्या कॉलेजने करावे. तिथली मुले याच गावांतून एसटीने ये-जा करतात, म्हणजे मेमध्येही ती इथेच असतात.

तुमच्या तालुक्याला आणखी एक आधार आहे. शहापूर पूर्ण अनुसूचित क्षेत्रात येते, त्यामुळे तिथे पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे आणि पेसा ग्रामपंचायतींना अबंध निधी थेट मिळतो. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. ती चर्चा होते तेव्हा कॉलेजचा अहवाल मराठीत, सभेत वाचून दाखवलेला असावा. इंग्रजीत बांधून ग्रंथालयात ठेवलेल्या प्रबंधाचा पाड्याला उपयोग नाही.

तेव्हा यंदा शिबिराचे पत्र आले की सरपंचांना एवढे सांगा : डिसेंबरच्या मुक्कामाला होकार देण्याआधी मेमध्ये विहिरी मोजायला कोण येणार, हे कॉलेजकडून लेखी घ्या.