बर्फावर नाचणारी जोडी

इंग्लंड देशात नॉटिंगहॅम नावाचे शहर आहे. तेथे ७ ऑक्टोबर १९५७ रोजी जेन टॉर्विल यांचा जन्म झाला. ख्रिस्तोफर डीन यांचा जन्म २७ जुलै १९५८ रोजी जवळच्याच कॅल्व्हर्टन गावी झाला. ते कोळशाच्या खाणीचे गाव होते.

जेन ८ वर्षांच्या असताना शाळेच्या सहलीबरोबर बर्फाच्या मैदानावर गेल्या. ख्रिस्तोफरना १० व्या वर्षी नाताळात स्केटचे बूट भेट मिळाले. म्हणजे आमच्याएवढेच होते ते! या बुटांच्या तळाला पोलादाची पातळ पाती असते. बर्फाच्या वर पाण्यासारखा अगदी बारीक थर असतो, म्हणून पाती सरकन घसरते. आपल्याला नुसतं उभंसुद्धा राहता येणार नाही. हे तर त्यावर नाचायचे.

१९७५ साली दोघांची जोडी जमली. पुष्कळांना वाटतं की ते नवराबायको आहेत, पण तसं नाही. जेन विम्याच्या कचेरीत कारकून होत्या आणि ख्रिस्तोफर पोलीस होते. नोकरी सांभाळून रात्री-पहाटे सराव करायचे. १९८० च्या ऑलिंपिकमध्ये त्यांचा पाचवा नंबर आला. मग दोघांनी नोकरी सोडली. पुढे कसं होणार, हा प्रश्नच होता. तेव्हा नॉटिंगहॅम शहराच्या नगरपालिकेने त्यांना पैशाची मदत केली. मला हे फार आवडलं. १९८१ पासून ओळीने चार वर्षे ते जगात पहिले आले.

आता खरी गंमत. १९८४ चे ऑलिंपिक सारायेव्हो शहरात होते. तेव्हा तो युगोस्लाव्हिया देश होता. यांनी रॅव्हेल या फ्रेंच संगीतकाराचे ‘बोलेरो’ हे संगीत निवडले. ते हळू सुरू होते आणि वाढत वाढत मोठे होते. पूर्ण वाजवले तर पाव तासाच्या वर चालते. काटछाट करूनसुद्धा ते ४ मिनिटे २८ सेकंद उरले. नियम मात्र ४ मिनिटे १० सेकंदांचा. वजाबाकी करून बघा, १८ सेकंद जास्त! पण पाती बर्फाला टेकवून स्केटिंग सुरू केल्यावरच पंचांचे घड्याळ सुरू व्हायचे. म्हणून दोघे पहिले १८ सेकंद बर्फावर गुडघे टेकून नुसते हात आणि अंग डोलवत राहिले. मग उठले. नियम मोडला नाही आणि संगीतही वाचलं. केवढं डोकं चालवलं!

त्या वेळी जास्तीत जास्त ६ मार्क मिळत. आता ती पद्धत नाही. ९ पंच होते. नाच किती सुंदर झाला याचे सगळ्याच्या सगळ्या ९ पंचांनी ६ पैकी ६ दिले. कसबाचे ६ पैकी ६ तिघांनी दिले. बाकीच्यांनी ५.९. त्यांना सुवर्णपदक मिळाले. तारीख होती १४ फेब्रुवारी.

दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, ते नॉर्वेच्या ऑलिंपिकमध्ये परत उतरले. जेन ३६ वर्षांच्या आणि ख्रिस्तोफर ३५ वर्षांचे होते. तेव्हा कांस्यपदक मिळाले. लोक म्हणाले, पहिला नंबर यांचाच यायला हवा होता.

सारायेव्होमध्ये १९९२ पासून मोठं युद्ध झालं. त्यात ते नाचले होते ती इमारत पडली. नंतर ती पुन्हा बांधली. २०१४ साली, ३० वर्षांनी, दोघे त्याच शहरात गेले आणि बोलेरो पुन्हा नाचले. तेव्हा त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे होतं. तरीसुद्धा आधी गुडघेच टेकले.

– इयत्ता ४ थी