जुनी सीडी-ड्राइव्ह आणि नवी प्रणाली

कापसाच्या हंगामात आदिलाबादेस जिनिंगच्या आसपास ज्यांचे घर आहे, त्यांना तंतू कोठे कोठे शिरतात हे सांगावयास नको. आमच्या वाचनालयातील संगणकाच्या पोटातही ते शिरले होते. यंत्र वीस वर्षांचे. आत सभासदांची नोंदवही व वर्गणीचे जुने हिशेब. प्रणाली बिघडली म्हणून सीडीवरून पुन्हा भरावयास घेतली, तर काम दर वेळी अर्ध्यावर थांबे. दुरुस्तीवाल्याने ‘हार्ड डिस्क गेली, भंगारात घाला’ असा निकाल दिला. तो आम्ही मानला असता तर नोंदवहीही भंगारात गेली असती. अशी यंत्रे पुष्कळ घरी पडून असतील, म्हणून हा खटाटोप सविस्तर सांगतो.

प्रथम डिस्क काढून ती शेजारच्या संगणकास जोडली. सर्व कागदपत्रे उघडली. त्यांची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. हे आधीच करावे, कारण प्रणाली भरताना ‘डिस्क पुसू काय?’ असा प्रश्न येतो आणि घाईत ‘होय’ म्हटले जाते. डिस्क शाबूत आहे हेही त्याच वेळी कळले.

मग दोष कोठे? येथे एक साधी युक्ती आहे. काम कोणत्या टक्क्यावर थांबते ते कागदावर टिपून ठेवावे. दर वेळी त्याच जागी थांबले तर बहुधा सीडीच खराब, किंवा जिच्यावरून ती लिहिली ती फाइल अपुरी उतरलेली. अशा वेळी फाइलसोबत दिलेला पडताळणीचा आकडा, म्हणजे चेकसम, जुळवून पाहावा. पण जागा बदलत राहिली तर ड्राइव्ह, तिची पट्टीसारखी केबल किंवा मेमरी यांवर संशय घ्यावा. आमच्या तीन खेपा तीन ठिकाणी थांबल्या. उबुंटूच्या जुन्या सीडीत पहिल्याच यादीत मेमरी तपासण्याची सोय असे. ती रात्रभर चालवली, एकही चूक निघाली नाही. केबल काढून घट्ट बसविली, तरी फरक नाही. उरली ड्राइव्ह.

सीडी वाचणारा किरण ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे जवळजवळ न दिसणारा. ड्राइव्ह उघडून चालू स्थितीत भिंगाकडे पाहणे डोळ्यांस घातक आहे. कारखान्यात ठशाने काढलेली सीडी या प्रकाशाचा निदान ७० टक्के भाग परत पाठवते. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू मात्र १५ ते २५ टक्केच. पैसे वाचावेत म्हणून आम्ही हीच वापरली होती! जुने डोळे, वर तंतूंचा पडदा आणि अंधुक अक्षर, असा तिहेरी योग. वीज बंद करून भिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने हलकेच पुसले, आणि एकदाच लिहिता येणारी सीडी-आर सावकाश वेगाने लिहून घेतली. चौथी खेप शेवटपर्यंत गेली.

डीव्हीडी घालून पाहण्याचा सल्लाही कोणी दिला होता. तिला ६५० नॅनोमीटरचा किरण लागतो. नुसत्या सीडी-ड्राइव्हला ती वाचता येत नाही. म्हणून प्रणालीची फाइल ७०० मेगाबाइटांत मावते का, हे आधी पाहावे. उबुंटूच्या सीड्या २०११ पर्यंत टपालाने फुकट येत, पण ऑक्टोबर २०१२ ची आवृत्ती सीडीत मावेनाशी झाली. डेबियनने ३२ बिटांच्या यंत्रांसाठी प्रणाली भरण्याची सोय १२ व्या आवृत्तीनंतर, २०२५ मध्ये, बंद केली. जुन्या यंत्रास जुनी किंवा मुद्दाम लहान ठेवलेली प्रणालीच निवडावी लागते.

एक कुरबुर राहिली होती. ‘आधी सीडी पाहा’ ही बायॉसमधील आज्ञा यंत्र रोज विसरे आणि तारीख कित्येक वर्षे मागे जाई. मदरबोर्डावरील नाण्याएवढा ३ व्होल्टांचा सेल, सीआर २०३२, संपला होता. तो बदलला. आता तारीख बरोबर असते, आणि नोंदवहीची प्रत असलेली पेन ड्राइव्ह वाचनालयाच्या कपाटात, वरच्या खणात आहे.