बाळंतपणातली जखम लपवू नका, वेळेवर शस्त्रक्रिया करून घ्या

दिंद्रुड आणि आसपासच्या गावांतल्या पती-पत्नींनो,

बाळंतपण झाले, आठ-दहा दिवस गेले आणि बाईचे लुगडे सारखे ओले राहू लागले, तर घरात काय म्हणतात? "बाळंतिणीचं असंच असतं, होईल हळूहळू बरं." बाई लाजेने गप्प बसते. वास येऊ नये म्हणून पाणी कमी पिते, चारचौघींत जाणे सोडते. नवरा दूर झोपू लागतो. हा देवाचा कोप नाही आणि बाईचा दोषही नाही. ही एक जखम आहे आणि ती शस्त्रक्रियेने बरी होते.

जखम कशी होते?

बाई आडली, दिवस-दिवस कळा देऊनही मूल खाली सरकले नाही, तर मुलाचे डोके आईच्या लघवीच्या पिशवीला पुढच्या हाडावर दाबून धरते. दाबलेल्या भागाचे रक्त थांबते. तो भाग मरतो, काही दिवसांनी गळून पडतो आणि तिथे भोक पडते. मग लघवी रात्रंदिवस आपोआप गळते. कधी असेच भोक शौचाच्या वाटेला पडते. कोवळ्या वयातली आणि अंगाने लहान चणीची मुलगी आडण्याचा धोका जास्त. म्हणून अठराच्या आत मुलीचे लग्न करू नका. कायदाही तेच सांगतो.

लवकर गेल्याने काय फायदा?

१) लघवी गळू लागताच दवाखान्यात गेल्यास डॉक्टर लघवीची नळी बसवतात. ती काही आठवडे ठेवली तर लहान, ताजे भोक पुष्कळदा आपोआप भरून येते.

२) भरले नाही, तर शस्त्रक्रियेने ते शिवतात. पूर्वी तीन महिने थांबा असे सांगत. आता जखम स्वच्छ असेल तर त्याआधीही शिवता येते. कधी शिवायचे ते डॉक्टर ठरवतील. तुमचे काम आहे लगेच जाण्याचे. पहिलीच शस्त्रक्रिया जाणत्या डॉक्टरांकडून व्हावी. फसलेली जागा पुन्हा शिवणे अवघड जाते.

३) बाळंतपणात खालची जागा शौचाच्या वाटेपर्यंत फाटली, तर त्याच वेळी, त्याच दवाखान्यात टाके घालून घ्यावेत. टाके राहून गेले आणि वारा किंवा शौच धरवत नसेल, तर तेही पुढे दुरुस्त होते.

४) अंग बाहेर येत असेल, तर सुरुवातीला व्यायाम आणि आत बसवायची रिंग यांनी आराम पडतो. नाहीच भागले तर शस्त्रक्रिया आहे. मुंबईचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी गर्भपिशवी न काढता वर बांधून ठेवण्याची शस्त्रक्रिया पूर्वीच करून दाखवली.

पिशवी काढण्याची घाई नको

आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली गाजला आणि राज्य सरकारने समिती नेमली. हे विसरू नका. पिशवी काढल्याने लघवीचे भोक बुजत नाही. कोणी "पिशवी काढा" म्हटले, तर आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

नवरोबा, हे तुमच्यासाठी

कोयता दोघांचा असतो, तसे बाळंतपणही दोघांचे आहे. मुकादमाची उचल घेतली म्हणून भरल्या दिवसांच्या बाईला फडावर नेऊ नका. कोपीत बाळंतपण नको. निदान सव्वा महिना तिला मोळी उचलू देऊ नका. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने शरीरसंबंध टाळा. पुढे दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर ठेवा. निरोध आहे, तांबी आहे. कुटुंब पुरे झाले असेल, तर पुरुषाची नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेहून सोपी. पुन्हा दिवस गेले तर पहिल्या महिन्यापासून नाव नोंदवा आणि मोठ्या दवाखान्यातच बाळंतपण करा. बहुधा पोट उघडून मूल काढावे लागते, नाहीतर शिवलेली जागा पुन्हा फाटते.

लक्षात ठेवा

• कळा सुरू होऊन बारा तास उलटले तर थांबू नका. १०८ ला फोन करा.
• लघवी गळत असली तरी भरपूर पाणी प्या. पाणी कमी प्याल्याने लघवी कडक होते आणि कातडी जास्त जळते.
• झाडपाला, राख, कपड्याचा बोळा आत घालू नका.
• जखम जुनी झाली असेल, दहा वर्षांची असेल, तरी या. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही.

कुठे जावे?

आधी गावच्या आशाताईंना किंवा नर्सताईंना सांगा. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेतील. पुढे बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे. शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. जाताना रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर घ्या.

आज रात्री जेवणं झाल्यावर आपल्या बायकोला एवढंच विचारा, "बाळंतपणापासून तुला काही त्रास आहे का?" ती सांगेल. मग उद्याच दोघे मिळून निघा.

लाज सोडा, दवाखाना गाठा. लवकर उपचार, सुखी संसार!