एका नांगऱ्याचा विश्वास व राष्ट्राची जागृति

शास्त्रपाठ: यिर्मया २९:४–७, मत्तय ५:१३–१६, प्रेषितांचीं कृत्यें ४:१३–२०.

ख्रिस्ती मनुष्याचा विश्वास त्याच्या स्वतःच्या तारणापुरताच आहे, किंवा गांवाच्या व राष्ट्राच्या संसाराशींही त्याचा कांहीं संबंध आहे, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत वारंवार निघतो. कित्येक म्हणतात, "आपण बरें कीं आपली उपासना बरी, पंचायत, निवडणूक, सोसायटी हा जगाचा व्यवहार, त्यांत पडलें म्हणजे हात काळे व्हावयाचेच." दुसरे कित्येक सार्वजनिक कामांत इतके बुडून जातात कीं, प्रार्थनेस त्यांना सवडच राहत नाहीं. यिर्मया संदेष्ट्यानें बाबेलांत नेलेल्या बंदिवानांस जें पत्र पाठविलें, त्यांत या दोन्ही टोकांस जागा नाहीं. परक्या नगरांत घरें बांधावीं, बागा लावाव्या, मुलाबाळांचे संसार मांडावे, आणि त्या नगराच्या कल्याणासाठीं झटावें व देवाजवळ प्रार्थना करावी, असा त्या पत्राचा आशय आहे. ज्या नगराची सत्ता त्यांच्या हातीं मुळींच नव्हती, त्याच नगराविषयीं ही आज्ञा होती, हें ध्यानांत ठेवावें.

या शिक्षणाचें एक उदाहरण आज पाहूं. तें कोणा राजाचें किंवा बिशपाचें नव्हे. नॉर्वे देशांतील हान्स नीलसन हौगे नांवाच्या एका शेतकऱ्याच्या मुलाचें आहे.

१. त्या काळची स्थिति

नॉर्वे हा युरोपच्या उत्तरेकडील डोंगराळ व थंड देश. १८०१ सालच्या खानेसुमारींत त्याची लोकसंख्या नऊ लाखांहून थोडी कमीच भरली. चारशें वर्षांहून अधिक काळ तो डेन्मार्कच्या राजघराण्याशीं जोडलेला होता. मोठे अधिकारी कोपनहेगनहून नेमून येत; ग्रंथांची व कचेरीची भाषा डॅनिश होती; विद्यापीठ म्हणून देशांत नव्हतेंच, तें १८११ सालीं स्थापन झालें. पाळक हे मंडळीचे सेवक, तसेच राजाचेही अधिकारी असत. शेतकऱ्यानें नांगर चालवावा, कर भरावा व आज्ञा पाळावी, एवढेंच त्याच्या वांट्यास उरलें होतें.

एक चांगली गोष्ट मात्र चर्चच्याच द्वारें झाली होती. १७३६ सालीं दृढीकरण सर्वांस सक्तीचें करण्यांत आलें, आणि १७३९ सालीं शाळांचा कायदा झाला. दृढीकरणासाठीं धर्मशिक्षणाचीं प्रश्नोत्तरें यावीं लागत, म्हणून खेड्यांतील मुलें वाचावयास शिकलीं. लिहितां येणारे थोडे, पण वाचतां येणारे पुष्कळ, अशी स्थिति झाली. जमीन नांगरून ठेविलेली होती; बीं पेरणारा मात्र हवा होता.

२. शेतांत झालेलें पाचारण

हौगेचा जन्म देशाच्या आग्नेय भागीं, फ्रेड्रिकस्टाड शहराजवळील एका शेतवाडीवर, ३ एप्रिल १७७१ रोजीं झाला. घर देवभीरू होतें. मुलगा कष्टाळू, हातानें कुशल व स्वभावानें गंभीर होता. ५ एप्रिल १७९६ रोजीं, वयाचीं पंचवीस वर्षें नुकतींच पुरीं झालीं असतां, तो वडिलांच्या शेतांत काम करीत करीत एक भजन गात होता. त्या वेळीं देवाच्या प्रीतीनें त्याचें मन असें भरून गेलें कीं, त्याच्या पुढील सर्व आयुष्याची दिशा ठरली. देवाची सेवा करावी, आणि जें आपणांस मिळालें तें शेजाऱ्यासही मिळावें, या दोन इच्छा त्याच्या ठायीं एक झाल्या. त्यानें प्रथम आपल्या घरच्यांस सांगितलें, मग शेजाऱ्यांस, आणि त्याच वर्षीं राजधानींत जाऊन आपलें पहिलें पुस्तक छापवून घेतलें.

पण वाटेंत एक कायदा आडवा उभा होता. १७४१ सालच्या राजाज्ञेप्रमाणें, पाळकाच्या देखरेखीवांचून उपासनेच्या सभा भरविण्यास, आणि दीक्षा न झालेल्या मनुष्यानें गांवोगांव हिंडून उपदेश करण्यास मनाई होती. हौगे तर पाळक नव्हता व विद्वानही नव्हता. पेत्र व योहान हे निरक्षर व अज्ञानी आहेत असें पाहून यरुशलेमांतील अधिकाऱ्यांस जें आश्चर्य वाटलें, तेंच नॉर्वेंतील अधिकाऱ्यांस वाटलें. आणि उत्तरही त्यांना बहुतेक तसेंच मिळालें. हौगेनें बंड केलें नाहीं, चर्च सोडलें नाहीं, पाळकांच्या हातून होणारे संस्कार नाकारले नाहींत. परंतु जें पाहिलें व ऐकलें तें न बोलणें मात्र त्याला शक्य नव्हतें.

३. पायीं फिरणारा उपदेशक

पुढील आठ वर्षें तो देशभर बहुतेक पायींच फिरला. हजारों मैलांची ही वाट चालतांनाही त्याच्या हातीं लोकरीचें विणकाम असे, असें सांगतात. ज्या घरीं उतरे त्या घरचें काम तो आधीं करूं लागे, आणि मग बोले. यामुळें शेतकऱ्यांस तो आपलासा वाटला. त्यानें लिहिलेलीं तीसहून अधिक पुस्तकें घरोघर गेलीं. त्यांच्या प्रतींची संख्या लाखावर गेली असावी, असा अभ्यासकांचा अदमास आहे. तीं वाचून लोक त्याला व एकमेकांस पत्रें लिहूं लागले. ज्यांना केवळ वाचतां येत होतें, ते आतां लेखणी धरावयास शिकले. स्त्रियांसही त्याच्या सभांत बोलावयाची मोकळीक होती. सारा औस्ट नांवाची एक तरुणी त्यांच्यांत उपदेशिका म्हणून प्रसिद्धीस आली. त्या देशांत स्त्रियांस पार्लमेंटच्या निवडणुकींत पुरुषांच्या बरोबरीनें मत देण्याचा हक्क १९१३ सालीं मिळाला, हें लक्षांत घेतलें म्हणजे या मोकळिकीचें महत्त्व कळतें.

हौगेच्या शिकवणींत आळसास जागा नव्हती. मिळालेलें धन हें आपलें नसून देवानें सोंपविलेली ठेव आहे, तें चैनींत उडवूं नये व पुरूनही ठेवूं नये, तर दुसऱ्यास काम व अन्न मिळेल अशा उद्योगांत घालावें, असें तो सांगे. १८०१ सालीं त्यानें बर्गन शहरीं व्यापाऱ्याचा परवाना घेतला. त्याच्या व त्याच्या स्नेह्यांच्या प्रयत्नानें कागदाचा कारखाना, पिठाच्या गिरण्या, मासेमारी व जहाजांचा व्यापार असे उद्योग निघाले. त्या काळीं व्यापार हा शहरांतील थोड्या घराण्यांचा मक्ता होता. त्यांत खेड्यांतला मनुष्य प्रामाणिकपणाच्या भांडवलावर शिरला.

४. तुरुंग आणि मीठ

हें सर्व अधिकाऱ्यांस सहन झालें नाहीं. लहानमोठ्या अटका पूर्वीं अनेक वेळां झाल्याच होत्या. १८०४ सालच्या ऑक्टोबरांत मात्र त्याला पकडून क्रिस्तियानिया, म्हणजे हल्लींचें ऑस्लो, येथें बंदींत टाकलें. सभाबंदीचा कायदा मोडला, पाळकवर्गाची निंदा केली, भोळ्या लोकांचा पैसा गोळा केला, असे आरोप ठेवण्यांत आले. देशभर शेकडों साक्षीदार तपासले गेले, आणि चौकशी वर्षानुवर्षें लांबली. त्याचा व्यापार मोडला, शरीर खंगलें.

इतक्यांत युद्ध सुरूं झालें. इंग्रजांच्या आरमारानें समुद्राची वाट अडविली, आणि देशांत मिठाची टंचाई पडली. मीठ नाहीं म्हणजे मासे टिकत नाहींत, आणि मासे नाहींत म्हणजे गरिबाच्या घरीं हिंवाळ्यांत उपास. तेव्हां १८०९ सालीं सरकारनें आपल्याच कैद्यास कांहीं काळ बाहेर काढून, समुद्राच्या पाण्यापासून मीठ करण्याचे कारखाने उभारावयास किनाऱ्यावर पाठविलें. तो गेला, काम उभें केलें, आणि पुन्हां तुरुंगांत आला. ज्यांनीं छळलें त्यांच्याही ताटांत मीठ पडावें म्हणून तो झटला. प्रभूनें आपल्या शिष्यांस पृथ्वीच्या मिठाची उपमा कां दिली, याचा अर्थ येथें डोळ्यांस दिसतो.

१८११ सालीं त्याची तुरुंगांतून सुटका झाली. १८१३ सालच्या निकालानें त्याला दोन वर्षें सक्तमजुरी झाली होती. वरिष्ठ न्यायालयानें १८१४ सालीं ती रद्द करून दंडावर भागविलें. प्रकृति पुन्हां सुधारली नाहीं. २९ मार्च १८२४ रोजीं त्याला देवाज्ञा झाली. आपल्या मित्रांनीं चर्चपासून फुटून निघूं नये, असें त्यानें मागें लिहून ठेविलें.

५. राष्ट्रास काय लाभलें

१८१४ सालीं एड्सव्हॉल येथें ११२ प्रतिनिधि जमले, आणि १७ मे रोजीं नॉर्वेची राज्यघटना सिद्ध झाली. त्या सभेंत हौगेच्या अनुयायांपैकीं तिघे होते. घटना मुख्यतः विद्वान अधिकाऱ्यांनीं रचली, आणि तींत फ्रान्स व अमेरिका येथील विचारांचा मोठा भाग होता, हें खरें. तें सारें श्रेय हौगेच्या मंडळीस देणें सत्यास धरून होणार नाहीं. पण घटनेनें शेतकऱ्यास मताचा हक्क दिला, तेव्हां तो हक्क चालविण्यास योग्य माणसें कोठून येणार? सभेंत उभें राहून बोलणें, पत्र लिहिणें, हिशेब ठेवणें, दूरच्या गांवच्या बंधूवर विश्वास टाकणें, हें सर्व अनेक शेतकरी घरांतल्या प्रार्थनासभांत शिकले होते. १८३३ च्या निवडणुकीनंतर पार्लमेंटांत शेतकऱ्यांचें बळ वाढलें. त्यांचा पुढारी ओले गाब्रिएल ऊलांड याच्यावर या चळवळीचा ठसा होता. १८३७ सालीं गांवोगांव निवडून आलेल्या पंचायतींचा कायदा झाला. ज्या १७४१ च्या आज्ञेनें हौगेस तुरुंग दाखविला, ती रद्द करण्याचा ठराव पार्लमेंटनें केला. राजानें दोनदां संमति नाकारली. अखेर १८४२ सालीं ती आज्ञा गेली. त्याच वर्षीं स्टाव्हांगर येथें नॉर्वेजियन मिशनरी सोसायटी स्थापन झाली.

६. उणिवा

सत्य सांगावयाचें तर दोष झांकूं नयेत. या जागृतीच्या लोकांपैकीं कित्येकांनीं गांवचें सारंगीसारखें वाद्य, नाच व जुनीं लोकगीतें हीं सर्व पापाच्या खातीं टाकलीं. कांहीं ठिकाणीं वाद्यें जाळण्यांत आलीं, आणि वंशपरंपरेनें आलेलें संगीत त्या त्या घरांतून नाहींसें झालें. दारू व दांडगाई यांना आळा घालणें योग्य होतें. पण तण उपटतांना गहूंही उपटला गेला. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. १८१४ च्या त्याच घटनेंत यहूदी लोकांस देशांत येण्यास मनाई होती, आणि ती १८५१ पर्यंत राहिली. ज्या राष्ट्रानें स्वतःस ख्रिस्ती म्हणविलें, त्यानें प्रभूच्याच जातिबांधवांस दार लावून घेतलें. विश्वासाच्या हातीं कायद्याची काठी आली म्हणजे कसा धोका उत्पन्न होतो, हें यावरून शिकावें.

७. आपणांस बोध

भारतांत ख्रिस्ती लोक शंभरांत सुमारें दोन आहेत. सत्ता आपल्या हातीं नाहीं, व ती मिळविणें हें मंडळीचें कामही नाहीं. हौगेच्या हातींही ती नव्हती. त्याच्या आयुष्यांतील मोठ्यांत मोठें कार्य अधिकारपदावांचून झालें. ग्रामसभेंत निर्भयपणें पण नम्रपणें खरें बोलणें, सोसायटीचा पैसा स्वतःच्या पैशाहून अधिक जपणें, शेजारच्या निरक्षर बाईस अक्षर शिकविणें, पाण्याच्या वांटणींत आपल्या माणसाचाही अन्याय चालूं न देणें, एवढें करावयास बहुमत लागत नाहीं. आणि हें करतांना गांवची ओवी, मातृभाषा, सणवारांतील निर्दोष आनंद हीं तुच्छ मानूं नयेत. त्या मातींतच आपलीं मुळें आहेत. छळ झाला तर मन कडू होऊं देऊं नये. ज्या गांवानें आपणांस दूर ठेविलें, त्या गांवासही एखादे दिवशीं मिठाची गरज पडते. त्या दिवशीं आपल्याजवळ तें असावें.

चर्चेसाठीं प्रश्न

१. यिर्मयाच्या पत्रांतील कोणती आज्ञा आपल्या मंडळीस आज सर्वांत जड वाटते, व कां?

२. देवाची आज्ञा व सरकारचा कायदा यांत विरोध आला असतां हौगे कोणत्या मर्यादेंत वागला?

३. आपल्या गांवच्या चालीरीतींपैकीं कोणत्या टाकाव्या, कोणत्या सुधाराव्या व कोणत्या जपाव्या? प्रत्येकीचें कारण सांगा.

४. आपल्या मंडळीच्या बाहेरील कोणाचें कोणतें दुःख येत्या महिन्यांत आपण हलकें करूं शकूं? काम नेमा, माणूस नेमा, आणि पुढील सभेंत त्याची हकीकत विचारा.